आफ्रिकी केस आणि वनौषधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन ठिकाणांहून पुन्हा पुन्हा येतात. केनिया, नायजेरिया, सुदानमधून पुण्यात शिकायला आलेल्या मुलींचे केस हाताळणाऱ्या पार्लरच्या ताया विचारतात. आफ्रिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या, गच्च कुरळ्या केसांच्या लेकींच्या आया विचारतात. आणि कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या मुली विचारतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. आफ्रिकी केस वाढतच नाहीत, खांद्याखाली जातच नाहीत, हे खरं आहे का?

वाढतात, फक्त वेग थोडा कमी असतो. आफ्रिकी केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला पाऊण सेंटिमीटर. आशियाई केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढतो. वर्षाचा हिशेब ९ आणि १५ सेंटिमीटर असा होतो. या वेगानेही पाच वर्षांत ४५ सेंटिमीटर केस डोक्यावर असायला हवा.

तो दिसत नाही याची कारणं दोन. एक, केस आखडतो. ओली बट ओढून धरली तर खांद्याखाली येते, सोडली की कानाशी जाऊन बसते. दुसरं आणि खरं कारण म्हणजे केस तुटतो. या केसाचा आडवा छेद गोल नसतो, लांबट आणि चपटा असतो. त्याचं मूळच त्वचेत वाकडं बसलेलं असतं, त्यामुळे तो वळणं घेतच बाहेर येतो. प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा. त्यात टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून जसं खाली उतरतं, तसं या वळणांवरून उतरत नाही, म्हणून टोकं कायम कोरडी. अशा केसातून कोरडी फणी फिरवली की मुळाशी महिनाभरात जेवढं वाढलं, तेवढं टोकाला तुटून पडतं.

२. मग वनस्पतींनी केस वाढतात की नाही? सरळ सांगा.

मुळातून वाढीचा वेग बदलेल अशी कोणतीही पावडर, तेल किंवा पाला मला माहीत नाही. पण वाढलेला केस तुटू न देणं हे काम वनस्पती फार चांगलं करतात, आणि आफ्रिकी केसांसाठी तेच महत्त्वाचं आहे. चाडपासून सोमालियापर्यंत बायकांनी ज्या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या, त्यातल्या बहुतेकींचं काम केस मऊ ठेवणं, गुंता सोडवणं, ओल टिकवणं हेच आहे. ‘महिन्यात चार इंच’ असं लिहिलेली बाटली दिसली की प्रश्न १ मधले आकडे आठवा आणि बाटली ठेवून द्या.

मूळच आजारी असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रश्न १३ ते १५ पाहा.

३. सगळीकडे ‘चेबे’ ऐकू येतं. ते आहे तरी काय आणि कसं लावतात?

चेबे चाडचं. तिथल्या बसारा अरब बायका हे वापरतात आणि त्यांच्या वेण्या कंबरेखाली जातात. मुख्य घटक म्हणजे क्रोटॉन जातीच्या एका झुडपाचं बी. ते भाजून कुटतात. त्यात महलब नावाच्या झाडाच्या बियांचा मगज, लवंग, झाडाचा डिंक आणि सुगंधी द्रव्यं पडतात. सगळं वस्त्रगाळ झालं की तपकिरी पावडर तयार होते, तिला लवंगेचा आणि भाजल्याचा मिश्र वास येतो.

लावायची पद्धत नीट वाचा, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. आधी केस पाण्याने ओलसर करतात. मग ते छोट्या भागांत वाटून घेतात. पावडर तेलात किंवा चरबीत कालवून सरबरीत करतात आणि मुळापासून दोन-तीन बोटं जागा सोडून खाली टोकापर्यंत चोळत नेतात. लगेच त्याच भागाची वेणी घालतात. तीन-चार दिवसांनी वेणी न सोडता किंवा सैल करून पुन्हा पाणी, पुन्हा लेप. मग काही दिवसांनी धुणं.

टाळूला चेबे लावत नाहीत. पावडर टाळूवर बसली की खाज सुटते, मुळांशी कचरा साचतो. केसांवर मात्र तिचा तेलकट थर बसतो, ओल आत राहते, आणि वेणी घातलेली असल्यामुळे केसाला हातही लागत नाही. माझ्या मते निम्मं श्रेय त्या वेणीला द्यायला हवं. जी बाई आठवडाभर केसांना कंगवा लावत नाही, तिचे केस तुटायला वावच राहत नाही.

४. चेबे आपल्याकडे मिळत नाही, मिळालं तर खरं की खोटं कळत नाही. घरचं काही चालेल का?

खरी पावडर तपकिरी असते, जरा भरड लागते, वास ठसठशीत येतो. पूर्ण बिनवासाची, पिठासारखी पांढुरकी किंवा हिरवी पावडर ‘चेबे’ म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. घटकांची यादी छापलेली नसेल तरीही नको.

क्रोटॉनच्या बियांना आपल्याकडे पर्याय नाही. आपल्याकडचा जमालगोटा क्रोटॉनच्याच कुळातला आहे म्हणून कोणी तो वापरायला जाऊ नये, तो विषारी आहे आणि त्वचा भाजते. महलबचा मगज मात्र आपल्या घरातलाच आहे. काष्ठौषधीच्या दुकानात उटण्यासाठी ‘गव्हला-कचोरा’ मागतो, त्यातला गव्हला तो हाच. चाडच्या बाईच्या वेणीला आणि आपल्या दिवाळीच्या अभ्यंगाला हा एक वास सामाईक आहे, याचा मला फार आनंद होतो.

पावडर नसली तरी पद्धत उचलता येते. ओलसर केस, त्यावर प्रश्न ६ मधला गर, त्यावर प्रश्न ७ मधलं तेल, मुळापासून थोडं अंतर सोडून, आणि सैल वेण्या. आठवडाभर तशाच ठेवा. लांबी टिकवण्याच्या बाबतीत हे चेबेच्या फार मागे राहत नाही.

५. केस धुवायचे कशाने? आमच्याकडे शिकेकाई-रिठा आहे, ते चालेल?

चालेल, पण आपल्या सरळ, तेलकट केसांना जेवढं लागतं तेवढं नाही. रिठा चांगलाच मळ काढतो आणि आधीच कोरड्या केसाला आणखी कोरडं करतो. शिकेकाई त्यापेक्षा सौम्य. दोन्हीचा पातळ काढा करा, गाळून घ्या, फक्त टाळूला लावा. खाली ओघळतं तेवढ्यावर केस स्वच्छ होतात. वाटलेली भरड शिकेकाई थेट केसांत घालू नका, कण वळणांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात.

आफ्रिकेत दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. पश्चिमेकडे, घाना-नायजेरियात, काळा साबण. केळ्याच्या जातीतल्या प्लँटेनची सालं, कोकोच्या शेंगांची टरफलं जाळून राख करतात आणि ती पामचं तेल, शिया (एका आफ्रिकी झाडाच्या बियांचं लोणी) यांत शिजवतात. साबण उत्तम आहे, पण साबण म्हणजे क्षार आलेच. महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळवून, आणि नंतर एका तांब्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून त्या पाण्याने केस खंगाळायचे.

पूर्वेकडे, सोमालियात, कासिल. बोरीच्या जातकुळीतल्या झाडाचा पाला वाळवून केलेली ही हिरवी पूड बायका चेहऱ्याला लावतात आणि तिने केसही धुतात. पाल्यात रिठ्यासारखाच फेसाळ गुण असतो, पण सौम्य. आपल्याकडेही बोरीचा पाला वाटून पाण्यात घोटला की फेस येतो. सावलीत वाळवून, वस्त्रगाळ करून, कोमट पाण्यात पातळ कालवून तो वापरून पाहण्यासारखा आहे.

किती वेळा? दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. रोज डोक्यावरून पाणी घेण्याची आपली सवय या केसांना मानवत नाही.

६. गुंता सोडवताना पोर रडते. काय लावू?

आधी फणी बाजूला ठेवा. मोठ्या दातांचा कंगवा किंवा नुसती बोटं. केस ओले आणि बुळबुळीत असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सुरुवात टोकाकडून करून हळूहळू वर जायचं, मुळाकडून खाली नाही.

बुळबुळीतपणासाठी चाडमध्ये अंबुनू वापरतात. तिळाच्या कुळातल्या वनस्पतीची ही वाळलेली पानं गरम पाण्यात भिजवली की पाणी घट्ट, निसरडं होतं. आपल्याकडे हेच काम जवस आणि भेंडी करतात.

दोन चमचे जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाण्याला तार येऊ लागते, चमच्यावरून धार तुटत नाही. त्या क्षणी उतरवा आणि गरम असतानाच स्वच्छ मलमलच्या कापडातून किंवा गाळणीतून गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर एक थेंबही खाली येणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की टाकून द्या. भेंडीचंही असंच. चार-पाच भेंड्या चिरून उकळायच्या आणि गाळायच्या. रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणीही निसरडं असतं, पण मेथीचा वास दोन दिवस डोक्यात राहतो. ज्यांना हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी मेथी टाळावी, ही सगळी एकाच कुळातली.

कोरफडीचा ताजा गरही चालतो. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, तो खाजतो.

७. कोणतं तेल चांगलं? शिया, एरंडेल की आपलं खोबरेल?

तिघांची कामं वेगळी आहेत.

खोबरेल केसाच्या आत शिरतं. मुंबईत झालेलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. केसांतून प्रथिनं झिजण्याचं प्रमाण खोबरेलाने कमी झालं, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने झालं नाही. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल. काही जणींचे आफ्रिकी केस खोबरेलाने काथ्यासारखे कडक होतात. तसं झालं तर जबरदस्ती करू नका, बदामाचं किंवा तिळाचं वापरा.

शिया आत शिरण्यापेक्षा वर थर देतं. पश्चिम आफ्रिकेतल्या कोरड्या पट्ट्यात, माली, बुर्किना फासो, घानात, शियाची झाडं शेतांत उभी असतात आणि त्यांच्या बियांपासून लोणी काढणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम आहे. युगांडाकडच्या शियाचं लोणी जास्त मऊ असतं. वाटाण्याएवढं घेऊन तळहातावर वितळवायचं आणि ओलसर केसांच्या टोकांना लावायचं. कोरड्या केसावर लावलं तर कोरडेपणच आत कोंडलं जातं. आधी पाणी, मग तेल, हा क्रम कधीही उलटा करू नका.

एरंडेल घट्ट आणि चिकट. एरंडाचं झाड मूळचं पूर्व आफ्रिकेकडचं, आणि गुलामगिरीच्या काळात हे ज्ञान कॅरिबियनमध्येही गेलं. जमैकाचं काळं एरंडेल भाजलेल्या बियांचं असतं. आपलं एरंडेल एकटं कधीच वापरू नका. एक भाग एरंडेल, तीन भाग तीळ किंवा खोबरेल. एरंडेलामुळे लांब केसांचा न सुटणारा गोळा झाल्याची आणि शेवटी केस कापावे लागल्याची वैद्यकीय नोंद भारतातलीच आहे.

गोरखचिंचेच्या बियांचं तेलही आफ्रिकेत मोलाचं मानतात. झाड मूळचं आफ्रिकेचं, पण मुंबई-वसईच्या भागात त्याचे प्रचंड बुंधे आपण पाहिले आहेत. हे तेल हलकं असतं, पातळ केसांना बरं पडतं.

इथिओपियात लोणी लावतात, नामिबियाच्या हिंबा बायका लोणी आणि तांबडी माती. ती कोरड्या उन्हातली शहाणपणाची सोय आहे. आपल्या दमट हवेत लोण्याला दोन दिवसांत खवट वास येईल.

८. घरी वनस्पतींचं तेल करायचं तर कसं?

ताजा पाला तेलात बुडवून बाटली भरून ठेवू नका. पानातलं पाणी तेलात राहतं आणि बुरशी धरते. एक तर पाला पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर आपल्या आजीच्या पद्धतीने मंद आचेवर उकळा. तेल तडतडायचं थांबलं, तळाशी बसलेला चोथा बोटांत चुरला तर चुरचुरीत लागला, की पाणी उडालं. तेव्हा गाळा.

जास्वंद, माका, ब्राह्मी, आवळा हे सगळं आफ्रिकी केसांना चालतं. कडुनिंब पूर्व आफ्रिकेतही घरोघरी आहे, तिथे त्याला म्वारोबाईनी म्हणतात. फक्त कडुनिंबाचं तेल कडक आणि उग्र, ते वाटीभर तेलात चमचाभरच. लहान मुलांना नको.

९. रोझमेरीने खरंच नवीन केस येतात का?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत टक्कल पडू लागलेल्या पुरुषांवर रोझमेरी तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (केस येण्यासाठी टाळूला लावायचं औषध) यांची तुलना झाली. तीन महिन्यांत कुणातच फरक दिसला नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत जवळपास सारखीच वाढ दिसली. हे पुरुषी टकलाबद्दल होतं. केस तुटण्यावर रोझमेरी इलाज करत नाही. ज्यांच्या टाळूवरचे केस खरोखर विरळ होत आहेत त्यांनी सहा महिने चिकाटीने वापरून पाहावी.

रोझमेरीचं तेल म्हणजे तीव्र अर्क, तो कधीही थेट टाळूवर नाही. चहाचा एक चमचा भरून साधं तेल घ्यायचं, त्यात २ थेंब. फिट येण्याचा त्रास असेल तर नकोच. वाळलेल्या रोझमेरीचा काढा करून शेवटचं पाणी म्हणून डोक्यावर घेणं जास्त सुरक्षित आहे.

१०. मेंदी लावू का?

मोठ्या माणसांनी शुद्ध मेंदी लावायला हरकत नाही. मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला चिकटतो, केस जाड लागतो. त्याच कारणाने कुरळेपणाची वळणं ढिली होतात आणि वरचेवर लावली तर केस ताठ होतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दह्यात किंवा जवसाच्या गरात कालवून, पुरे.

‘काळी मेंदी’ अजिबात नको. तिच्यात रासायनिक काळा रंग असतो. सुदानमध्ये मेंदीत तो मिसळून विषबाधा झाल्याच्या, घसा सुजून श्वास कोंडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

आणि तान्ह्या बाळाला मेंदी लावू नका, हातालाही नाही, डोक्यालाही नाही. जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता आफ्रिकी वंशाच्या लोकांत बऱ्याच प्रमाणात आढळते, भारतातही काही समाजांत आहे. अशा बाळाच्या त्वचेतून मेंदी रक्तात गेली की तांबड्या पेशी फुटतात. बाळ पिवळं पडतं, जिवावर बेतू शकतं. घरच्या मोठ्यांना हे सांगणं अवघड जातं, तरी सांगा.

११. कांद्याचा रस, तांदळाचं पाणी?

कांद्याचा रस चाईवर वापरून पाहिल्याची एक छोटी चाचणी बगदादमध्ये झाली, २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात बऱ्याच जणांना केस आले. चाई म्हणजे गुळगुळीत गोल चकत्या. सगळ्या डोक्याला रस चोळण्याला त्याचा आधार नाही, आणि टाळू भाजल्यासारखी होते. तांदळाच्या पाण्याने आफ्रिकी केस काही दिवस छान वाटतात, मग कडक होतात. महिन्यातून एकदा ठीक.

१२. पावसाळ्यात चेबेची वेणी ठेवली तर केसांना कुबट वास येतो. चुकतंय काय?

तुमचं काही चुकत नाही, हवा वेगळी आहे. चाडची हवा कोरडी. तिथे ओला लेप वेणीत वाळतो. जुलैमध्ये मुंबईत तो आतल्या आत ओलाच राहतो. कोकणातही तेच. पावसाळ्यात लेप पातळ करा, पाच-सहा दिवसांच्या वर ठेवू नका, वेण्या जाड नकोत. धुतल्यावर वेणी घालण्याआधी केस मुळाशी पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली अर्धा दिवस लागला तरी लागू द्या. कोंडा असेल त्यांनी पावसाळ्यात टाळूला तेल लावूच नये. कोंड्यामागची बुरशी तेलावर पोसते. तेल टोकांना, औषधी शाम्पू टाळूला.

१३. कपाळावरची आणि कानशिलाजवळची केसांची रेघ मागे गेली आहे. एरंडेल चोळून परत येईल का?

आधी वेणी सोडा. घट्ट वेण्या, ओढून बांधलेला अंबाडा, नकली केसांचं ओझं यामुळे मुळं ओढली जाऊन हे होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी ३१.७ टक्के जणींत हे आढळलं. इतकं सर्रास आहे म्हणून ते साधं समजतात, पण तसं नाही. लवकर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मूळ मरतं आणि तिथे कोणतंही तेल उपयोगी नाही.

वेणी घातल्यावर डोकं दुखलं, मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या, भुवया ताणल्यासारख्या वाटल्या, तर ती वेणी त्याच रात्री सोडायची. पार्लरच्या तायांना कळकळीची विनंती, गिऱ्हाईक ‘घट्ट घाला, जास्त दिवस टिकेल’ म्हणालं तरी कपाळाजवळची रांग सैलच ठेवा. सैल वेणीत हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण इलाज तेलाचा नाही, सैलपणाचा.

१४. डोक्याच्या मधोमध केस विरळ होतायत, तिथे जळजळते. कोणती वनस्पती?

कोणतीही नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि लवकर जा. टाळूच्या मध्यापासून सुरू होऊन बाहेर पसरणारा एक आजार आफ्रिकी वंशाच्या बायकांत जास्त दिसतो. त्यात मुळाच्या जागी व्रण होतो आणि ते मूळ कायमचं बंद होतं. काही रुग्णांत त्यामागे जनुकीय कारण असल्याचं २०१९ मध्ये दिसून आलं, म्हणजे सगळा दोष तेला-वेण्यांचा असतो असंही नाही. सुरुवातीला फक्त मधले केस तुटके दिसतात, हात लावला की दुखतं, खाज येते. त्या वेळी औषध मिळालं तर उरलेले केस वाचतात. घरगुती लेप लावत घालवलेले महिने इथे परत मिळत नाहीत.

१५. मुलाच्या डोक्यावर खवल्यांचे गोल चट्टे आलेत, केस तुटलेत. शेजारीण म्हणते कडुनिंबाचं तेल लाव.

हा बहुधा डोक्यातला नायटा. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, वरून लावलेलं तेल तिथे पोचत नाही. पोटात घ्यायचं औषध काही आठवडे लागतं, ते डॉक्टरच देतील. तोवर कंगवा, टोपी, उशी वेगळी ठेवा आणि भावंडांची डोकीही तपासा. चट्टा खवल्याविना गुळगुळीत असेल तर ती चाई असू शकते, पण तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

१६. गरोदर आहे, काय टाळू? आणि बाळंतपणानंतर केस मूठमूठ जातायत.

जवस, कोरफड, खोबरेल, शिया, जास्वंद केसांना लावायला हरकत नाही. एरंडेल पिऊ नका. मेथीच्या गोळ्या, काढे मोठ्या प्रमाणात घेऊ नका. फोडणीतली मेथी वेगळी. रोझमेरी, पुदिना यांचे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जाणारे केस म्हणजे गरोदरपणात थांबून राहिलेले केस एकदम गळतात, आणि ते आपोआप भरून येतात. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. शेवग्याचा पाला जेवणात असू द्या. पश्चिम आफ्रिकेतही तो वाळवून, पूड करून रस्स्यात घालतात.

१७. केस आधी रसायनाने सरळ केले होते. आता वनस्पतींनी पुन्हा कुरळे होतील का?

सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही. मुळाशी येणारा नवा केस कुरळा असेल, आणि जुना-नवा जिथे जुळतात ती जागा सर्वांत नाजूक. तिथे गर आणि तेल जास्त लावा, कंगवा कमी. टोकं दोन-दोन बोटं कापत गेलात तर वर्ष-दीड वर्षात जुना भाग संपतो. एकदम कापायची हिंमत असेल तर आणखी सोपं.

थांबवायचा निर्णय योग्यच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा ही रसायनं वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. कारण तेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला तेवढं पुरे आहे.

१८. फरक पडतोय हे कधी आणि कसं कळेल?

आरशात पाहून नाही. केस आखडतात, त्यामुळे आरसा फसवतो. एकच बट निवडा, कानामागची सोयीची. ती ओली करून ताणा आणि टेपने मोजा. तीन महिन्यांनी तीच बट पुन्हा मोजा. दोन सेंटिमीटर वाढली असेल तर तुमचे केस तुटत नाहीयेत, आणि यापेक्षा जास्त अपेक्षाही नको. वाढ दिसत नसेल तर विंचरताना खाली पडलेला केस उचलून बघा. एका टोकाला पांढरा बारीक दाणा असेल तर तो मुळापासून गळलेला. दाणा नसेल तर मध्येच तुटलेला, म्हणजे प्रश्न ६ आणि ७ कडे परत या.

नवं काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबा. पानं, पावडर, शिया, सगळ्याला हा नियम.

१९. लेकीला लॉक्स (ड्रेडलॉक्स) करायचेत. आजी म्हणते घरात जट नको. आणि लॉक्सना ही तेलं, पावडरी चालतात का?

आजींची भीती समजून घ्या. आपल्याकडे जट आली म्हणजे देवीचं बोलावणं असं सांगून कित्येक बायकांची आयुष्यं अडकवली गेली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अजूनही गावोगाव समजूत घालून जट कापतात. ती जट न धुता, न विंचरता, भीतीने वाढू दिलेली असते, मान दुखते, कीड होते. लॉक्स हे ठरवून, एकेक बट वेगळी करून, वळून केलेले असतात आणि नियमित धुतले जातात. आजींना एकदा धुण्याच्या दिवशी शेजारी बसवा, स्वच्छ टाळू दाखवा. सांगण्यापेक्षा ते पटतं.

वनस्पतींचं म्हणाल तर इथे जवळपास सगळे नियम उलटे होतात. चेबे, मेंदी, आवळा, कोणतीही पूड नको. लॉकच्या आत गेलेला कण कधीच बाहेर येत नाही. जवसाचा दाट गरही वाळून पांढरा दिसतो. शियासारखी घट्ट चरबी आत साचते. चालतं ते पातळ आणि गाळलेलं. रोझमेरीचा किंवा जास्वंदीच्या पानांचा काढा दोनदा कापडातून गाळून, कोरफडीचं पातळ पाणी, आणि टाळूला बोटांच्या टोकांनी लावलेले तिळाच्या तेलाचे थोडे थेंब. धुणं सकाळी करा, रात्री नाही. लॉक्स वरून वाळलेले वाटले तरी आत ओले असतात, म्हणून मधोमध दाबून पाहा आणि गारवा लागला तर आणखी दोन-तीन तास मोकळे सोडा.